गिरणगावच्या आवाजाचे दप्तर

लालबागच्या भारतमाता चित्रपटगृहापासून परळ नाक्यापर्यंत चालत गेल्यास आज गिरणीचा भोंगा कानी पडत नाही. बहुतेक चिमण्या पाडल्या गेल्या. ज्या उरल्या त्या उंच इमारतींच्या गर्दीत शोधाव्या लागतात. मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास कंपन्यांच्या ताळेबंदांत, सरकारी अहवालांत आणि संपाच्या बातम्यांत सापडतो. परंतु या वस्तीला स्वतःविषयी जे सांगायचे होते, ते तिने बव्हंशी लिहिले नाही, गाऊन सांगितले. पोवाडा, लोकनाट्य, भजन, जाखडी, जलसा आणि गणेशोत्सवातील मेळा ही गिरणगावची वर्तमानपत्रे होती. त्यामुळे येथे संगीताचे जतन आणि प्रादेशिक इतिहासाचे जतन हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत. जुन्या कागदपत्रांसाठी ज्याप्रमाणे अभिलेखागारे उभी राहिली, त्याप्रमाणे या आवाजांचेही दप्तर असावयास हवे, आणि ते सांभाळण्याची स्वाभाविक जागा विद्यापीठाचे ग्रंथालय ही आहे.

गिरणगावची गाणी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि दोन वर्षांत तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, शिवडी, वरळी हा पट्टा गिरण्यांनी आणि चाळींनी भरून गेला. कामगार आले ते प्रामुख्याने रत्नागिरी आणि आजच्या सिंधुदुर्गातून, तसेच सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या घाटावरच्या जिल्ह्यांतून. एका गावची माणसे एका खोलीत राहत, एका खानावळीत जेवत आणि सणासुदीला एकत्र गात. कोकणच्या चाकरमान्यांबरोबर जाखडी, नमन, दशावतार आणि डबलबारीची भजने आली. घाटावरून तमाशा, कलगीतुरा, लेझीम आणि गोंधळ आला. गावी वेगवेगळ्या दऱ्याखोऱ्यांत नांदणारे हे प्रकार येथे एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या कानांवर पडू लागले. या सरमिसळीतूनच गिरणगावचे म्हणून ओळखता येईल असे संगीत घडले.

त्याला व्यासपीठेही मिळाली. चिंचपोकळीचे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ १९२० चे, लालबागच्या गणेश गल्लीतील मंडळ १९२८ चे, तर ‘लालबागचा राजा’ १९३४ चा. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या दामोदर नाट्यगृहाने कामगार रंगभूमीला आणि पुढे शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांना हक्काचा मंच दिला. शंभरी ओलांडल्यावर, २०२३ साली, पुनर्विकासासाठी ते बंद झाले. हनुमान थिएटरसारख्या तमाशागृहांत राज्यभरातील फड हजेरी लावीत. आंबेडकरी जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी बीडीडी चाळींतून स्वाभिमानाचा विचार घरोघरी नेला. गिरणीत राबलेले वामनदादा कर्डक (१९२२-२००४) या परंपरेतील थोर कवी-गायक. लोकशाहीर विठ्ठल उमप (१९३१-२०१०) यांचा जन्मही लालबागपासून जवळच्या नायगावचा.

शाहिरांचा काळ

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या त्रयीने १९४४ साली ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले आणि गिरणगावच्या गाण्याला राजकीय धार आली. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. दूर युरोपातील लढाई येथील कामगाराला त्याच्या ओळखीच्या चालीत ऐकू आली. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड वरवर पाहता विरहाची. परंतु गावी राहिलेल्या मैनेच्या निमित्ताने तिने संयुक्त महाराष्ट्राची मागणी मांडली. पत्नीला गावी ठेवून गिरणीत राबणाऱ्या श्रोत्याला हे रूपक समजावून सांगावे लागले नाही. अमर शेख यांच्या पहाडी आवाजाने मोठमोठ्या सभा बांधून ठेवल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, त्यामागे या शाहिरांचा वाटा मोठा होता, हे इतिहासकारही मान्य करतात. अण्णाभाऊ आणि अमर शेख या दोघांचेही निधन १९६९ साली, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने झाले. त्यांच्या रचना पुस्तकांत आल्या; पण सभेतील गायन, मधली बतावणी, झीलकऱ्यांची साथ आणि श्रोत्यांचा प्रतिसाद यांपैकी फारच थोडे ध्वनीच्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

शब्द उरले, चाल गेली

हे नुकसान नवे नाही. ऐतिहासिक पोवाड्यांचा पहिला महत्त्वाचा संग्रह १८९१ साली प्रसिद्ध झाला. तो सिद्ध केला शंकर तुकाराम शालिग्राम आणि हॅरी अॅक्वर्थ यांनी. हे अॅक्वर्थ मुंबईचे महापालिका आयुक्त होते; वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. १८९४ मध्ये त्यांनी काही पोवाड्यांचे इंग्रजी रूपांतरही प्रसिद्ध केले. पुढे य. न. केळकर यांनी हे काम अधिक चिकित्सक पद्धतीने नेटाने चालविले आणि १९२८ पासून त्यांचे ‘ऐतिहासिक पोवाडे’ प्रसिद्ध होऊ लागले. या संशोधकांमुळेच अज्ञानदास आणि तुळशीदास आज आपल्याला वाचता येतात.

वाचता येतात, ऐकता येत नाहीत. १८९१ साली भारतात ध्वनिमुद्रणाची सोय सामान्य संशोधकाच्या हाती नव्हती. ग्रामोफोन कंपनीसाठी येथील पहिले ध्वनिमुद्रण कोलकात्यात झाले ते नोव्हेंबर १९०२ मध्ये. त्यामुळे पोवाड्याची अक्षरे राहिली आणि डफाची लय, तुणतुण्याचा सूर, ‘जी जी’ची उठावणी ही सारी गायकाबरोबर गेली. अॅक्वर्थ आणि शालिग्राम यांना याचा दोष देता येणार नाही. गिरणगावच्या बाबतीत मात्र ही सबब चालणार नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॅसेट रेकॉर्डर चाळीचाळीत पोहोचला. आखातातून आलेल्या ‘टू-इन-वन’वर भजने, बाऱ्या, लग्नातील गाणी आणि सभांतील भाषणे लोकांनी स्वतःच मुद्रित केली. म्हणजे या वेळी आवाज हाती आहे. तो घरोघरच्या लोखंडी ट्रंकांत पडून आहे, एवढेच.

आजवर झालेले काम

गिरणगावच्या मौखिक इतिहासाचे सर्वांत महत्त्वाचे काम नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी केले. शंभर वर्षांच्या वाटचालीविषयी कामगार, कार्यकर्ते, कलावंत आणि स्त्रिया यांच्याशी बोलून त्यांनी सिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ २००४ साली आला आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीतही उपलब्ध झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेतील अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’ (२००१) या माहितीपटात कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या नजरेतून हे शहर दिसते. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेत भारतीय कामगार चळवळीचे डिजिटल अभिलेखागार आहे. मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आणि शाहीर अमर शेख अध्यासन यांनी लोककलांच्या अध्यापनाला व अभ्यासाला जागा दिली. त्याच विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक डॉ. अशोक दा. रानडे (१९३७-२०११) यांनी तर, संगीत म्हणजे केवळ राग आणि बंदिश नव्हे, लोकसंगीत आणि जनसंगीत यांचाही तितक्याच गांभीर्याने विचार व्हावयास हवा, हे आयुष्यभर मांडले.

महाराष्ट्रात आणखी एक आदर्श आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले आणि हा संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. बर्नार्ड बेल यांनी त्यातील अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाने प्रसिद्ध होऊ लागल्या. या प्रकल्पाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. ओवी कोणी गायली, कोणत्या गावी आणि कोणत्या विषयावर, ही नोंद तिच्यासोबत आहे. म्हणून ती ओवी ‘एक जुने लोकगीत’ न राहता एका बाईचे म्हणणे म्हणून उरते. गिरणगावातही स्त्रियांचे गाणे होते. खानावळी चालविणाऱ्या, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात काम करणाऱ्या आणि मंगळागौर जागविणाऱ्या स्त्रियांचे. सभेतील शाहिरापेक्षा त्यांचा आवाज मुद्रित होण्याची संधी कमी होती, म्हणून त्याचा शोध अधिक आस्थेने घ्यावयास हवा.

फितीचे आयुष्य

कॅसेटची फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर गोंदासारख्या द्रव्याने चिकटविलेले चुंबकीय कण. मुंबईच्या दमट हवेत हे द्रव्य ओलावा शोषून घेते. फीत चिकट होते, बुरशी धरते आणि आवाज विरू लागतो. त्याहून मोठी अडचण यंत्रांची आहे. फीत धड असली तरी ती वाजविणारे चांगले डेक, त्यांचे सुटे भाग आणि ते दुरुस्त करणारे कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने युनेस्कोच्या सहकार्याने केलेल्या पाहणीत, २०२५ च्या सुमारास अशा फिती नियमितपणे वाजविणे जगभरच दुरापास्त होईल, असा इशारा देण्यात आला होता. ती मुदत संपलेली आहे. त्यानंतर प्रत्येक पावसाळा तोट्याचाच धरावा लागेल.

डिजिटायझेशन हा त्यावरील मार्ग. परंतु मोबाइल फोन स्पीकरसमोर धरून केलेली नक्कल म्हणजे जतन नव्हे. जागतिक संकेतानुसार जतनाची मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या प्रमाणात, कोणतीही काटछाट न करता ठेवली जाते. अशा एका तासाच्या स्टीरिओ ध्वनिमुद्रणाला सुमारे दोन जीबी जागा लागते. ऐकण्यासाठी त्यावरून एमपी-३ प्रत काढता येते. एमपी-३ वरून मूळ प्रत मात्र पुन्हा मिळत नाही. एक तासाची फीत उतरविण्यास किमान एक तास लागतोच, येथे घाई उपयोगी पडत नाही. प्रतीही एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही. निदान तीन प्रती आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी, हा साधा नियम आहे. मुंबईत २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना या नियमाचे कारण सांगण्याची गरज नाही.

‘गणपती ८४’

या सर्व तांत्रिक सोयी केल्या तरी अर्धेच काम होते. समजा, एखाद्या कॅसेटवर पेन्सिलीने केवळ ‘गणपती ८४’ एवढेच लिहिलेले आहे. ती उत्तम रीतीने उतरवून घेतली तर संशोधकाच्या हाती काय येईल? टाळ-मृदंगाच्या साथीत गाणारे काही पुरुष. ऐकायला सुरेख, पण मुके. आता त्याच कॅसेटविषयी चाळीतील एखाद्या जुन्या रहिवाशाने सांगितले, की बुवा अमुक गिरणीच्या साचेखात्यात होते. संप सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती. त्या वर्षी वर्गणी निम्मी जमली, म्हणून बाहेरचा कार्यक्रम न ठेवता चाळीच्याच भजनी मंडळाला बसविले. आणि मधल्या गजरात बुवांनी स्वतःची चार कडवी घातली. तोच आवाज आता दस्तऐवज झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या आणि सुमारे अडीच लाख कामगारांना ओढून घेणाऱ्या संपाची जी बाजू सरकारी कागदांत येत नाही, ती अशा नोंदीतून कळते.

पोवाड्यांच्या बाबतीत शब्द राहिले आणि आवाज गेला. कॅसेटच्या बाबतीत आवाज राहील आणि माणसांची नावे जातील, ही भीती आहे. ही नावे कोठेही छापलेली नाहीत, ती माणसांच्या स्मरणात आहेत. संपाच्या वेळी जो कामगार पंचविशीत होता, तो आज सत्तरीच्या घरात आहे. चाळी पाडून मनोरे उभे राहत आहेत. कित्येक कुटुंबे केव्हाच विरार, डोंबिवली, पनवेलकडे गेली. घर हलविताना ट्रंक उघडली जाते आणि न वाजणाऱ्या कॅसेटी भंगारात जातात. म्हणून कोणत्याही योजनेत आधी उतरवायची ती आठवण, नंतर फीत, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे ठरेल. फीत आणखी काही वर्षे कदाचित थांबेल. सांगणारा थांबेलच असे नाही.

ग्रंथालयाने काय करावे

विद्यापीठाचे ग्रंथालयच का, असा प्रश्न विचारला जाईल. मंडळे उत्साही असतात, पण त्यांचे कार्यकर्ते बदलतात. संग्राहक जीव ओतून जमवितात, पण त्यांच्या पश्चात संग्रह विखुरतो. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने संस्कृत, अरबी आणि फारसी हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहेत. सूचीकरण, दीर्घकालीन जबाबदारी आणि संशोधकांना खुला प्रवेश या तीन गोष्टी ग्रंथालयाच्या अंगवळणी पडलेल्या असतात. अन्यत्र विद्यापीठांनी हे करून दाखविले आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचे मोठे अभिलेखागार आहे. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने आपल्याकडील तीन लाखांहून अधिक ध्वनिफिती, चित्रफिती आणि तबकड्या काही वर्षांत डिजिटल स्वरूपात आणल्या. परदेशी अभ्यासकांनी भारतात मुद्रित करून नेलेले संगीत भारतात परत उपलब्ध व्हावे, हा एक हेतू ठेवून १९८२ साली पुण्यात सुरू झालेले आणि आज गुरुग्राम येथे असलेले ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हेही मार्गदर्शक ठरावे.

अशा संग्रहात केवळ आवाज असून चालणार नाही. मंडळांचे वार्षिक अहवाल, वर्गणीदारांच्या याद्या, कार्यक्रमांची हस्तपत्रके, भजनी मंडळांच्या वह्या, जत्रेत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या आणि छायाचित्रे ही त्याच दप्तराची पाने आहेत. वर्गणीच्या यादीवरून एका गल्लीत कोण राहत होते आणि संपाच्या काळात कोण निघून गेले हे कळते. भजनाच्या वहीवरून कोणती चाल कोठून आली याचा माग लागतो. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तेथे यंत्रे दिसतील. त्या यंत्रांवरील माणसांचे गाणे ऐकू यावयाचे असेल, तर विद्यापीठ आणि संग्रहालय यांनी परस्परांशी बोलावयास हवे.

हक्काचा प्रश्न नाजूक आहे. प्रताधिकार कायद्यानुसार प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे, तर सादरकर्त्याचा हक्क पन्नास वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने, ज्या ग्रंथालयाकडे मूळ प्रत आहे आणि जे नफ्यासाठी चालत नाही, त्याला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली. मुभा जतनाची आहे. ते गाणे जगासमोर खुले करण्यासाठी गायकाची किंवा वारसांची संमती घेतलीच पाहिजे. तमाशा आणि लावणीच्या कलावंतिणींच्या बाबतीत तर ही संमती कायद्यापलीकडची आहे. त्यांच्या कलेवर इतरांनी पैसे आणि नाव मिळविल्याची उदाहरणे थोडी नाहीत. देणाऱ्याला त्याच्या ध्वनिमुद्रणाची स्वच्छ प्रत परत मिळावी आणि सूचीत त्याचे नाव राहावे, एवढी तरी हमी असावयास हवी.

घरातील ट्रंक

ज्यांच्या घरी अशा फिती आहेत, त्यांना संस्थेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. बुरशी दिसत असेल तर कॅसेट वाजवून पाहू नये. त्याने फीत आणि यंत्र दोन्ही खराब होतात. कोरड्या जागी, लोहचुंबक आणि स्पीकरपासून दूर, उभी ठेवावी. नव्याने काही चुकून मुद्रित होऊ नये म्हणून कडेच्या दोन्ही खुट्या मोडून टाकाव्यात. वेष्टनावरील जुने अक्षर पुसू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील ज्येष्ठांजवळ बसून एका कागदावर लिहून घ्यावे : कोण गात आहे, पेटीवर कोण, पखवाजावर कोण, कोणती चाळ, कोणते निमित्त, कोणते साल. साल आठवत नसेल तर ‘संपाच्या आधी’ किंवा ‘धाकटीच्या लग्नाच्या वर्षी’ असे लिहिले तरी चालेल. पुढचा अभ्यासक त्यावरून साल शोधून काढील.

नारायण सुर्वे यांनी १९६६ साली आपल्या कवितासंग्रहाला ‘माझे विद्यापीठ’ असे नाव दिले, तेव्हा त्यांच्या मनात गिरणगावचा रस्ता होता. त्या रस्त्यावर शिकविले गेलेले बरेचसे धडे अजून कॅसेटींत आणि आठवणींत शिल्लक आहेत. ते फोर्ट आणि कलिन्याच्या विद्यापीठात सूचीबद्ध होऊन यावेत, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.